सत्त्याहत्तर लाख मतांचा ताळा

२४ एप्रिल २०२२ ला रात्री आठ वाजता फ्रान्सच्या टीव्हीवर मॅक्राँ राष्ट्राध्यक्ष म्हणून पुन्हा निवडून आल्याचं जाहीर झालं आणि लगेच दुसरा प्रश्न पुढे आला: मेलाँशोंची मतं कुठे गेली? पहिल्या फेरीत डावे उमेदवार झाँ-ल्यूक मेलाँशों तिसरे आले होते, आणि दुसऱ्या फेरीत पहिले दोघेच जातात: मॅक्राँ आणि अतिउजव्या ल पेन. मतं ७७,१२,५२०. पहिल्या फेरीच्या रात्री त्यांनी समर्थकांना चार-चारदा बजावलं होतं की ल पेनबाईंना एकही मत जाता कामा नये. मॅक्राँना मत द्या, असं मात्र ते म्हणाले नाहीत. मग या पाऊण कोटीहून जास्त माणसांनी दोन आठवड्यांनी काय केलं? पडद्यावर रंगीत बाण आले: इतके टक्के इकडे, इतके तिकडे, उरलेले घरी. बाण इतके ठसठशीत की कुणीतरी ती मतं मोजूनच काढली असावीत असं वाटावं.

मोजलेली नसतात. मोजताच येत नाहीत. फ्रान्समध्ये बहुतेक ठिकाणी अजून कागदावर मतदान होतं. मतदार उमेदवारांच्या छापील चिठ्ठ्या उचलतो, पडद्याआड एक चिठ्ठी पाकिटात घालतो, पाकीट पारदर्शक पेटीत टाकतो आणि यादीत आपल्या नावासमोर सही करतो. संध्याकाळी पेटी उघडली की पाकिटांचे शंभराचे गठ्ठे होतात. एका टेबलावर चौघं बसतात: एक पाकीट फोडतो, दुसरा नाव मोठ्याने वाचतो, दोघं आपापल्या तक्त्यावर खुणा करतात. पाकीट फुटलं की चिठ्ठी आणि माणूस यांच्यातला धागा तुटला. दोन आठवड्यांनी तोच माणूस पुन्हा येतो, पुन्हा पाकीट टाकतो. पहिल्या पाकिटात काय होतं ते दुसऱ्या पाकिटाला ठाऊक नसतं.

आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची मोजणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा फरक चटकन कळेल. तिथे मतदार एकाच मतपत्रिकेवर १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. उमेदवार बाद झाला की त्याच्या मतपत्रिका उचलून दुसऱ्या पसंतीच्या गठ्ठ्यात ठेवतात. मतांचं हस्तांतर तिथे टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं. दोन फेऱ्यांच्या निवडणुकीत तेच हस्तांतर मतदाराच्या डोक्यात होतं आणि आपल्या हाती फक्त दोन बेरजा उरतात.

त्या बेरजा आधी नीट मांडू, कारण निम्म्या चुका इथेच होतात. एक तक्ता काढा. डाव्या बाजूला पहिल्या फेरीच्या ओळी: मॅक्राँ ९७,८३,०५८, ल पेन ८१,३३,८२८, मेलाँशों ७७,१२,५२०, झेमूर २४,८५,२२६, पेक्रेस १६,७९,००१, जादो १६,२७,८५३, लासाल ११,०१,३८७ आणि उरलेले पाच जण. त्यांच्याखाली कोरी व बाद मतं ७,९०,७६० आणि गैरहजर १,२८,२४,१६९. वरच्या बाजूला दुसऱ्या फेरीचे रकाने: मॅक्राँ १,८७,६८,६३९; ल पेन १,३२,८८,६८६; कोरी व बाद मिळून ३०,३९,१५३; गैरहजर १,३६,५५,८६१. कडा सगळ्या माहीत, आतली घरं सगळी रिकामी.

कोऱ्या मतांबद्दल जाता जाता सांगायला हवं. २०१४ च्या कायद्यापासून फ्रान्समध्ये कोरी मतं बाद मतांपासून वेगळी मोजतात. कोरा कागद किंवा रिकामं पाकीट म्हणजे कोरं मत. फाटलेली, खाडाखोड केलेली किंवा दोन वेगवेगळ्या नावांच्या चिठ्ठ्या म्हणजे बाद. आपल्या नोटासारखंच, निकालावर परिणाम शून्य. पण हस्तांतराच्या हिशेबात या रकान्याला मोठं वजन आहे: पहिल्या फेरीत कोरी मतं ५,४३,६०९ होती, दुसऱ्या फेरीत २२,३३,९०४ झाली.

टीव्हीवरच्या बाणांमधून गैरहजर ही ओळ बहुतेक वेळा गळते. उमेदवारांची वैध मतं घेऊन टक्केवारी काढली की ती आपोआप बाहेर पडते. हिशेब बिघडतो तो इथे. छेद नेहमी नोंदणीकृत मतदारांचा घ्यायचा, पडलेल्या मतांचा नाही. गैरहजेरी दोन फेऱ्यांत ८,३१,६९२ ने वाढली, हे कुणीही वजाबाकी करून सांगेल. पण ती निव्वळ वाढ आहे. पहिल्या वेळी न आलेले कित्येक दुसऱ्या वेळी आले आणि आलेले कित्येक घरी बसले. धरणात पाण्याची पातळी बोटभर चढली म्हणजे आवकही बोटभरच होती असं कुणी म्हणत नाही; विसर्ग किती होता तेही बघतात.

आता आतल्या घरांबद्दल, काहीही गृहीत न धरता, खात्रीने किती सांगता येतं? ओटिस डंकन आणि बेव्हर्ली डेव्हिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं की कडांच्या बेरजांवरून प्रत्येक घराची कमाल आणि किमान मर्यादा काढता येते. देशपातळीवर या मर्यादा निरुपयोगी ठरतात, शून्य ते शंभर टक्के. केंद्राच्या पातळीवर मात्र कधीकधी त्या बोलू लागतात. दोन काल्पनिक केंद्रं घेऊ, प्रत्येकी ८०० मतदारांची. फ्रान्समधलं सरासरी केंद्र साधारण एवढंच, सातशेच्या आसपास असतं.

पहिलं केंद्र मिश्र वस्तीचं. पहिल्या फेरीत मॅक्राँ १८०, ल पेन १५०, मेलाँशों २२०, इतर ७०, मत न दिलेले किंवा कोरे १८०. दुसऱ्या फेरीत मॅक्राँ ३३०, ल पेन २१०, कोरे-गैरहजर २६०. काहीच गृहीत धरलं नाही तर मेलाँशोंचे सगळेच्या सगळे २२० मॅक्राँकडे गेले असतील किंवा एकही गेला नसेल, दोन्ही शक्य. मॅक्राँ आणि ल पेन यांचे पहिल्या फेरीतले मतदार त्यांच्याकडेच राहिले, एवढं धरलं की चित्र थोडं आवळतं. ल पेन यांना नवी मतं ६०, म्हणजे मेलाँशोंच्या २२० पैकी जास्तीत जास्त २७ टक्के त्यांच्याकडे वळले. मॅक्राँना नवी १५०, म्हणजे जास्तीत जास्त ६८ टक्के. खालची मर्यादा दोन्हीकडे अजून शून्यच.

दुसरं केंद्र पॅरिसच्या उत्तरेकडच्या उपनगरातल्यासारखं. मेलाँशों ४५०, मॅक्राँ ९०, ल पेन ५०, इतर ४०, मत न दिलेले १७०. दुसऱ्या फेरीत मॅक्राँ ३१०, ल पेन ९०, कोरे-गैरहजर ४००. तेच गृहीतक इथे लावा. ल पेन यांना नवी मतं फक्त ४०, म्हणजे मेलाँशोंच्या मतदारांपैकी फार तर ९ टक्के. आणि कोऱ्या-गैरहजरांच्या ४०० मध्ये इतर व आधीचे गैरहजर मिळून जास्तीत जास्त २१० बसतात. उरलेले १९० मेलाँशोंचेच असणार. म्हणजे किमान ४२ टक्क्यांनी कुणालाच मत दिलं नाही. एकही समीकरण न सोडवता, नुसत्या वजाबाकीने. केंद्र जितकं एकगठ्ठा, तितकी मर्यादा घट्ट. ज्याच्या मतांचा माग काढायचा तो जिथे बहुमतात आहे अशी केंद्रं आधी बघायची, ती यासाठी.

अर्थात एकगठ्ठा केंद्रातला मतदार मिश्र केंद्रातल्यासारखाच वागतो का, हा प्रश्न उरतोच.

त्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं धरून चालणारी पद्धत लिओ गुडमन यांची, तीही १९५३ चीच. सगळ्या केंद्रांत एकाच गटाचे मतदार एकाच प्रमाणात वळतात असं मानायचं आणि साधं रिग्रेशन (सगळ्या केंद्रांच्या आकड्यांना सर्वांत जवळून बसणारी प्रमाणं शोधायची रीत) चालवायचं. प्रत्येक केंद्रासाठी दुसऱ्या फेरीत मॅक्राँना मिळालेला नोंदणीकृतांतला वाटा एकीकडे, पहिल्या फेरीतल्या प्रत्येक गटाचा वाटा दुसरीकडे. स्थिरांक ठेवायचा नाही, कारण सगळ्या गटांची बेरीज आधीच १ होते. वजन मतदारसंख्येचं. हेच ल पेन यांच्यासाठी आणि कोऱ्या-गैरहजरांसाठी पुन्हा. तिन्ही समीकरणांत एकाच गटाचे गुणक, म्हणजे त्या गटाचा किती हिस्सा कुठे वळला ते आकडे, मिळवले की बेरीज बरोबर १ यायला हवी. ०.९७ आली तर पद्धतीला दोष देऊ नका; फाइल बिघडली आहे.

आणि फाइल बिघडतेच. फ्रान्सचं गृहमंत्रालय दोन्ही फेऱ्यांचे केंद्रवार आकडे प्रसिद्ध करतं, सुमारे ७० हजार केंद्रं, ही मोठीच सोय. पण एका ओळीत बारा उमेदवारांचे तेच-तेच रकाने शेजारी शेजारी येतात आणि शीर्षक फक्त पहिल्या उमेदवारापुरतं असतं. पुढचे रकाने बिननावाचे. एक्सेलमध्ये फाइल उघडली की ०१ या प्रांताचा क्रमांक नुसता १ होतो आणि केंद्र ०००१ चंही तेच. कॉर्सिकाचे क्रमांक २ए आणि २बी, त्यामुळे संख्या समजून वाचलेला रकाना तिथे अडखळतो. विभाजक स्वल्पविराम नसून अर्धविराम, कारण स्वल्पविराम दशांशचिन्हाच्या कामी आलेला. सगळे क्रमांक मजकूर म्हणून वाचायचे, प्रांत, गाव आणि केंद्र जोडून एकच किल्ली बनवायची, मग दोन फेऱ्या जुळवायच्या. जी केंद्रं जुळत नाहीत किंवा जिथे नोंदणीकृतांचा आकडा दोन फेऱ्यांत पाच टक्क्यांहून जास्त हलला आहे ती बाजूला काढून डोळ्यांनी तपासायची. देशभरात यादी फक्त ४,४६३ नावांनी वाढली होती, त्यामुळे मोठा फरक दिसला की तो बहुधा जुळणीचाच दोष.

ओळी किती ठेवायच्या हा समजुतीचा भाग. उरलेल्या पाचांतल्या नाताली आर्तो यांना १,९७,०९४ मतं, नोंदणीकृतांच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. एवढ्याशा गटाचा गुणक काहीही येतो, कधी २.३, कधी उणे १.१. असे उमेदवार एकत्र करावेच लागतात. पण 'दोघेही उजवे' म्हणून झेमूर आणि पेक्रेस यांना एका ओळीत कोंबणं ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. त्यांचे मतदार दुसऱ्या फेरीत विरुद्ध दिशांना गेले. एकत्र केले की दोन्ही बाण पुसले जातात आणि मधोमध एक निरर्थक सरासरी उरते.

एवढं सगळं नीट केलं तरी उत्तरात अशक्य आकडे डोकावतात: मॅक्राँचे १०६ टक्के मतदार मॅक्राँकडेच राहिले, उणे ४ टक्के ल पेनकडे गेले. बरेच जण असे आकडे १०० आणि ० वर कापून पुढे जातात. असं करू नये. हा आकडा म्हणजे ताप आहे. थर्मामीटर फोडून उतरत नाही. तो सांगतो की 'सगळीकडे सारखंच' हे गृहीतक मोडलं आहे. पॅरिसच्या सोळाव्या प्रभागात, जुन्या श्रीमंत वस्तीत, झेमूर यांना १७ टक्क्यांहून जास्त मतं पडली. भूमध्य किनाऱ्यावरच्या वार प्रांतातही ते जोरात होते. पण सोळाव्या प्रभागातला झेमूर-मतदार आणि तूलाँच्या आसपासचा झेमूर-मतदार दुसऱ्या फेरीत एकाच प्रमाणात ल पेनकडे गेले असतील, असं त्या वस्त्या ओळखणारा कुणी म्हणणार नाही.

गटाच्या आकड्यांवरून माणसांबद्दल बोलण्याचा हा सापळा जुना आहे. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून तो दाखवला. राज्यांच्या पातळीवर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त तिथे निरक्षरता कमी, सहसंबंध उणे ०.५३. माणसांच्या पातळीवर मात्र परदेशात जन्मलेले लोकच थोडे जास्त निरक्षर, अधिक ०.१२. चिन्हच उलटलं. कारण साधं: स्थलांतरित लोक ज्या राज्यांत स्थायिक झाले तिथले स्थानिक जास्त शिकलेले होते.

२०२२ चं सर्वांत चकवणारं उदाहरण ग्वादलूपचं, कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटाचं. पहिल्या फेरीत मेलाँशों ५६.१६ टक्के. दुसऱ्या फेरीत ल पेन ६९.६० टक्के. शेजारच्या मार्तिनिक बेटावर आणि फ्रेंच गयानातही हाच प्रकार. बघणारा म्हणतो, झालं, मेलाँशोंची मतं उचलून ल पेनला दिली. कोविडकाळातल्या लससक्तीवरून या भागांत २०२१ च्या अखेरीस मोठा असंतोष उसळला होता, पॅरिसवरचा राग खरा होता, त्यामुळे ही कहाणी पटतेही. पण छेद बदला. पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त नोंदणीकृत मतदार फिरकलेच नव्हते. म्हणजे मेलाँशोंचे ५६ टक्के हे नोंदणीकृतांच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. ल पेन यांची वाढ त्यांच्या मतदारांतून आली असेल, पहिल्यांदा घरी बसलेल्यांतून आली असेल किंवा दोन्हींतून. नुसत्या दोन टक्केवाऱ्यांवरून ते सांगता येत नाही. केंद्रवार मर्यादाच काढाव्या लागतात. आणि पॅरिसच्या उत्तरेला सेन-साँ-दनी प्रांतात, जिथे मेलाँशों ४९ टक्क्यांवर होते, तिथे मॅक्राँ ७३ टक्क्यांहून जास्त मतं मिळवून जिंकले. एकाच उमेदवाराचे दोन बालेकिल्ले, दोन दिशा. यांना एका गुणकात बसवायला गेलं की उणे टक्के येणारच.

यावरचा व्यवहारी उपाय म्हणजे प्रांतवार हिशेब. प्रत्येक प्रांताचं रिग्रेशन वेगळं, उत्तर टक्क्यांत न ठेवता माणसांत काढायचं आणि शेवटी माणसं मिळवायची. गॅरी किंग यांनी १९९७ मध्ये डंकन-डेव्हिस यांच्या मर्यादा आणि सांख्यिकी प्रारूप एकत्र आणलं. २००१ मध्ये ते अनेक ओळी-रकान्यांसाठी विस्तारलं गेलं. प्रत्येक केंद्राला स्वतःची प्रमाणं असू द्यायची, पण ती एका सामाईक कुळातून आली असं मानायचं. 'आर' या संगणकी भाषेत यासाठी तयार पॅकेजेस आहेत. ७० हजार केंद्रं एकदम टाकली तर संगणक दिवसचे दिवस घुमत राहतो. प्रांतवारच टाकायची, निरनिराळ्या आरंभबिंदूंपासून तीन-चार साखळ्या (संगणकाने एकामागून एक काढलेल्या अंदाजांच्या माळा) चालवायच्या आणि त्या एकाच जागी येऊन थांबतात का ते बघायचं. न थांबणाऱ्या साखळीचा मध्यही छान दोन दशांशांत छापून येतो, हाच धोका. स्पेनमधल्या अभ्यासकांनी लिनिअर प्रोग्रामिंगने (ठरावीक बंधनांत सर्वोत्तम उत्तर शोधायच्या गणिताने) हेच सोडवायची पद्धत काढली आहे. ती झटपट चालते आणि अशक्य टक्के देत नाही, पण 'सगळीकडे शक्य तितकं सारखं' हा कल तिच्यातही आहेच.

मग सरळ लोकांना विचारलं तर? विचारतात. इप्सॉस या जनमत चाचणी संस्थेच्या २४ एप्रिलच्या पाहणीत मेलाँशोंच्या ४२ टक्के मतदारांनी मॅक्राँ, १७ टक्क्यांनी ल पेन आणि उरलेल्यांनी कुणीच नाही, असं निघालं. त्याआधी मेलाँशोंच्या पक्षाने सुमारे २ लाख १५ हजार समर्थकांचा कौल घेतला होता. त्यात कोरं किंवा बाद मत ३७.६५ टक्के, मॅक्राँ ३३.४० टक्के, गैरहजर राहणार २८.९६ टक्के. ल पेन हा पर्याय त्यात ठेवलेलाच नव्हता! दोन लाखांचा नमुना मोठा दिसतो, पण प्रश्नच वेगळा होता. उलट पाहणी समजा तीन हजारांची असेल, तर मेलाँशोंचे मतदार त्यात पाचशेच्या आत भरतात. ४२ टक्क्यांवर चार-साडेचार टक्के इकडेतिकडे धरावे लागतात. समाजवादी उमेदवार आन इदाल्गो यांचे त्यात जेमतेम चाळीस. चाळीस माणसांवर 'बासष्ट टक्के' लिहिणाऱ्याला कुणीतरी थांबवायला हवं.

पाहणीचा तक्ता कडांशी जुळवून घ्यायची रीत १९४० पासून आहे, डेमिंग आणि स्टीफन यांची. ओळी पहिल्या फेरीच्या खऱ्या बेरजांना जुळवा, मग रकाने दुसऱ्या फेरीला, पुन्हा ओळी, पुन्हा रकाने. काही फेऱ्यांत फरक एका मताच्या आत येतो. दोन गोष्टी विसरल्या की घोटाळा होतो. वाढलेल्या ४,४६३ नावांसाठी वेगळी ओळ हवी, नाहीतर दोन्ही बाजूंची बेरीज कधीच जमणार नाही. आणि पाहणीत ज्या घरात शून्य आलं ते घर कितीही फेऱ्या केल्या तरी शून्यच राहतं, म्हणून नमुन्याच्या लहानपणामुळे आलेल्या शून्यात आधी एखादा छोटा आकडा पेरावा लागतो.

कुठलाही तक्ता हाती आला की मी आधी एका रकान्याचा ताळा करून बघतो. ल पेन यांचा घेऊ. वाढ ५१.५ लाख. इप्सॉसच्या १७ टक्क्यांप्रमाणे मेलाँशोंकडून १३.१ लाख. झेमूर यांचे तीन चतुर्थांश धरले तर १८.६ लाख. उरले १९.८. पेक्रेस यांचा पाचवा हिस्सा ३.४ लाख. उरलेल्या पाचांतले उजवे द्युपों-एन्याँ यांची सगळीच्या सगळी ७.३ लाख देऊन टाका, लासाल यांची निम्मी ५.५ लाख. तरी ३.६ लाख कमीच पडतात. त्यात ल पेन यांचे स्वतःचे काही मतदार दुसऱ्यांदा आले नसतील. सात टक्के म्हटलं तरी ५.७ लाखांचा खड्डा. म्हणजे नऊ लाखांच्या घरात मतं इतर डाव्या उमेदवारांकडून किंवा पहिल्या फेरीच्या गैरहजरांतून यायलाच हवीत. ज्या चित्रात गैरहजरांच्या ओळीतून ल पेनकडे बाणच नाही, त्यातला दुसरा कुठलातरी बाण वाजवीपेक्षा जाड काढलेला असतो.

आपल्याकडेही युतीतल्या पक्षाची मतं 'ट्रान्सफर' झाली की नाही यावर निकालानंतर आठवडाभर खल चालतो, आणि फॉर्म २० (मतदारसंघाच्या निकालाचा अधिकृत तक्ता) मधले बूथवार आकडे घेऊन हेच गणित मांडता येतं. पण फ्रान्समध्ये दोन फेऱ्यांत चौदा दिवस, तीच यादी, तेच केंद्र. महाराष्ट्रात २०२४ ची लोकसभा आणि नोव्हेंबरची विधानसभा यांच्यामध्ये नोंदणीकृत मतदार सुमारे ९ कोटी ३० लाखांवरून ९ कोटी ७० लाखांवर गेले, बूथ नव्याने आखले गेले, आणि फॉर्म २० हाती येतो तो बऱ्याचदा स्कॅन केलेल्या पानांच्या रूपात. इथे यादी वाढल्याची ओळ हजारांत नाही, चाळीस लाखांत जाते. बूथ क्रमांक जुळला म्हणजे बूथ जुळला असं धरून बसलेले तक्ते मी गंभीरपणे घेत नाही. निदान मतदान केंद्राची इमारत आणि यादीचा भाग तपासलेला हवा.

फ्रान्समध्येही संसदेच्या निवडणुकीत हे गणित इतकं सोपं राहत नाही. २०२४ ला ७६ जागा पहिल्याच फेरीत लागल्या आणि ५०१ ठिकाणी दुसरी फेरी झाली. नोंदणीकृतांच्या साडेबारा टक्के मतं मिळवणारा तिसराही दुसऱ्या फेरीत उतरू शकतो, पण दोनशेहून जास्त जणांनी माघार घेतली. त्यामुळे कुठे डावे विरुद्ध ल पेन यांचा पक्ष, कुठे मध्यममार्गी विरुद्ध तोच पक्ष, कुठे तिरंगी. रकानेच वेगळे, तेव्हा एक देशव्यापी तक्ता बनतच नाही. लढतीच्या प्रकारानुसार वेगवेगळे बनवावे लागतात.

एक ओळ मात्र अंदाजाशिवाय भरता येते. सहीची यादी. प्रत्येक नावासमोर दोन फेऱ्यांसाठी दोन जागा, आणि निवडणुकीनंतर दहा दिवस ती यादी मतदारांना बघण्यासाठी खुली असते. फ्रान्सची सांख्यिकी संस्था इन्से नमुन्यातली नावं घेऊन याच याद्या तपासते: कोण दोन्हीदा आलं, कोण एकदाच, कोण अजिबात नाही. गैरहजेरीच्या निव्वळ ८,३१,६९२ च्या मागे किती लोक आले आणि किती गेले, ते तिथे शाईने लिहिलेलं असतं. पहिल्या जागेत सही, दुसरी जागा कोरी. त्या माणसाने पहिल्या पाकिटात कुणाची चिठ्ठी घातली होती, ते मात्र यादीवर नसतं.